मानाची कुस्ती आणि पोटावरच्या रेघा

वजन कमी करा असं डॉक्टर सगळ्यांना सांगतात. वजन गेल्यावर मागे काय राहतं ते कुणी सांगत नाही. रेघा राहतात. सरकारी खुर्चीत बसून वर्षानुवर्षं जमवलेलं पोट मी साखर सोडून, भात सोडून आणि सकाळी कुत्र्यांच्या भीतीनं भरभर चालून घालवलं. ते गेलं, पण जाताना बेंबीच्या दोन्ही बाजूंना पांढरट, वेड्यावाकड्या रेघा ओढून गेलं. नोकरीमुळं मी इस्लामपुरात राहतो. चहूकडं हिरवागार ऊस. पण आंघोळीला बसून खाली बघितलं की पोटावर आमचा दुष्काळी खटाव तालुका दिसायचा, तोही ऐन उन्हाळ्यातला.

तरी माझी तक्रार नव्हती. माझं पोट बघणारी जगात माणसं दोनच, मी आणि माझी बायको माया, आणि तिला बघायला वेळ नव्हता. आयुष्य असंच निघून गेलं असतं. पण माघ संपता संपता गावाकडून आबांचा फोन आला.

आबा म्हणजे माझे वडील, नाथाजी. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण ते फौजेला कळलंय, आबांना अजून कळलेलं नाही.

"अमृत, औंदा मानाची कुस्ती तू धरायची."

"मी? आबा, अहो माझं वय..."

"माजं गुडगं बसल्यात. खाली बसलो तर उटवाया दोन मानसं लागत्यात. ऑर्डर हाय." फोन बंद.

इथं मला थोडं समजावून सांगावं लागेल. आमचं गाव वडूजच्या पुढं. चैत्रात भैरोबाची यात्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान. खरे पैलवान उतरण्याआधी एक मानाची कुस्ती होते. वरच्या आळीतून आमच्या घरातला एक पुरुष आणि खालच्या आळीतून भाऊसोच्या घरातला एक, दोघांनी लंगोट लावून आखाड्यात उतरायचं, सलामी द्यायची, हलगीच्या तालावर थोडी धरपकड करायची. मग वस्ताद मध्ये पडतात आणि 'बरोबरी' म्हणून ओरडतात. दोघांना फेटा, दोघांना नारळ. ही कुस्ती आजवर कुणी जिंकलेली नाही आणि कुणी हरलेलं नाही. आबा पलटणीतून रजा काढून ही कुस्ती बरोबरीत सोडवायला यायचे. आमच्या घरातलं कुणी उतरलं नाही तर मान चुलतघराकडं जातो, आणि आमचं चुलतघर तीन पिढ्या लंगोट धुऊन वाट बघत बसलंय. मान गेला तर आबांनी अंथरूण धरलं असतं, हे मला फोन ठेवतानाच कळलं.

कुस्तीची मला भीती नव्हती. जिंकायचं नाही, हरायचं नाही, नुसती धरपकड करून वेळ काढायचा. ऑफिसात मी इतकी वर्षं दुसरं काय करतोय? माझी भीती वेगळी होती. तिचं नाव ज्ञानू.

ज्ञानू हा आमच्या मैदानाचा निवेदक. त्याच्या हातात माइक आला की आखाड्यातल्या माणसाच्या अंगावर झाकायला काही राहत नाही. एका पैलवानाच्या पाठीवर डाग होता, त्याला ज्ञानू "भारताचा नकाशा" म्हणाला. त्या पैलवानाच्या नातवाला आज शाळेत 'नकाशा' म्हणतात. भाऊसोच्या पोटाबद्दल तो एकदा म्हणाला होता, "मंडळी, ही गावची पान्याची टाकी हाय, टेकून बसू नगा!" तेव्हापासून भाऊसोच्या घराची खूण 'टाकीचं घर' अशी सांगतात, आणि पोस्टमनही तसंच शोधतो. त्यात हल्ली मैदान मोबाइलवर थेट दाखवतात आणि आमचं निम्मं ऑफिस जेवणाच्या सुट्टीत तेच बघतं. माझ्या रेघा बघून ज्ञानू काय म्हणेल आणि ते नाव किती पिढ्या चालेल, या विचारानं माझी भूक गेली. वजन आणखी कमी झालं आणि रेघा आणखी उठून दिसू लागल्या.

मायाला सांगितलं, तर ती कणीक मळता मळता म्हणाली, "असू देत की. माझ्या पोटावर शिवांजलीच्या वेळेपासून आहेत. मी कधी गावभर सांगत फिरले का?"

"तुझ्या रेघांना कारण आहे," मी म्हणालो. "पोरगी कॉलेजात गेली, पुण्यात हॉस्टेलला राहते. माझ्या रेघांतून काय निघालं म्हणून सांगू?"

"वडापाव," माया म्हणाली.

गावभर न सांगणाऱ्या माझ्या बायकोनं संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीला सांगितलं होतं. वरच्या मजल्यावरच्या रंगूबाई जिना उतरून आल्या. त्यांनी माझा शर्ट वर करायला लावून पोटाचं दर्शन घेतलं आणि उपाय सांगितला. "येरंडेल कोमट करून चोळ रं लेकरा. वरनं येरंडाचं पान बांध. माज्या म्हशीची कास फाटली व्हती, चार दिसात लोन्यावानी झाली." म्हशीच्या कासेशी माझी तुलना व्हावी याचं वाईट वाटलं. पण ती म्हैस बरी झाली होती आणि मी झालो नव्हतो, म्हणून एरंडेल आणलं.

तळमजल्यावर क्रांतीवहिनींचं ब्यूटी पार्लर आहे. त्यांचं म्हणणं, आधी जुनी कातडी घासून काढायला पाहिजे. साखर आणि खोबरेल तेल एकत्र करून गोल गोल चोळायचं. आमच्या भागात साखरेला तोटा नाही. कारखान्याचे सभासद असलेले शेजारी सवलतीची साखर पोत्यानं आणतात, त्यांनी हौसेनं डबा भरून दिला. मी रात्री एरंडेल आणि सकाळी साखर असा क्रम धरला. एका रविवारी साखर चोळून, ती मुरावी म्हणून जरा आडवा झालो आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा मुंग्यांची एक रांग खिडकीतून येऊन माझ्या पोटावर चढत होती आणि दुसरी रांग माल घेऊन उतरत होती. मी ओरडलो. मायानं येऊन बघितलं आणि आधी फोटो काढला.

"भाऊजी, तुमी आता सरळ क्रीमच आना," क्रांतीवहिनी म्हणाल्या आणि एका क्रीमचं नाव सांगितलं.

मेडिकलमध्ये नाव सांगितलं. दुकानदारानं डबा काढून समोर ठेवला. त्यावर एका गरोदर बाईचा हसरा फोटो होता. ती आपल्या पोटाकडं कौतुकानं बघत होती, जे मला कधीच जमलेलं नव्हतं.

"कितवा?" दुकानदारानं विचारलं.

"काय कितवा?"

"महिना हो, साहेब."

माझ्या मागं माणसं उभी होती. त्यात आमच्या ऑफिसातला शिपाई होता. क्रीम माझ्यासाठी आहे असं तिथं सांगणं माणसाच्या शक्तीबाहेरचं होतं. "चौथा," मी म्हणालो.

"अभिनंदन!" दुकानदार म्हणाला. मागच्या सगळ्यांनीही म्हटलं. मी आभार मानून डबा घेतला आणि बाहेर पडलो.

ही बातमी इस्लामपुराहून लोणंदला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, कशी पोहोचली हे मला आजतागायत समजलेलं नाही. पण त्याच आठवड्यात आमच्या दारात सासूबाई, बनाबाई, चिंचा, कैऱ्या आणि आवळ्यांनी भरलेली पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. मायाला त्यांनी दारातच जवळ घेतलं.

"आगं आई, काही नाही तसं!" माया किंचाळली.

"न्हाई म्हन, न्हाईच म्हनायचं आसतंय," सासूबाई समजूतदारपणे म्हणाल्या. "पाच म्हयने व्हईस्तवर तोंडातनं काढायचं नसतंय. दिष्ट लागती. मी बी तुज्या येळंला असंच न्हाई म्हनत व्हते."

माया जितक्या जोरात नाही म्हणायची, तितकी सासूबाईंची खात्री पक्की व्हायची. त्यांनी तिला बादली उचलू दिली नाही, फरशी पुसू दिली नाही, भाकऱ्या स्वतः थापल्या. दोन-तीन दिवसांनी मायानं नाही म्हणायचं सोडून दिलं. मी जाब विचारला तर पाय लांब करून कैरीची फोड चावत म्हणाली, "अहो, लग्नाला एवढी वर्षं झाली, आयती भाकरी पहिल्यांदा मिळतेय. पाच महिने पूर्ण होऊ देत, मग सांगते आईला." पुण्याहून शिवांजलीचा फोन आला. "पप्पा, निदान मला आधी सांगायचं होतं," एवढंच बोलून तिनं तो ठेवला. मी उलट फोन केला तर तिनं घेतला नाही.

मी मात्र आता हट्टाला पेटलो होतो. क्रीमनं रेघा चकचकीत झाल्या, पण हलल्या नाहीत. सांगलीला कातडीचे मोठे डॉक्टर असतात, तिथं जायचं ठरवलं. त्यासाठी रजा हवी. आमचं ऑफिस कुठलं ते सांगत नाही, सरकारी आहे एवढं पुरे. अर्जात कारण लिहिलं, 'त्वचेवरील उपचार'. साहेबांनी अर्ज वाचला, खुर्ची मागं सरकवली आणि विचारलं, "पसरतो का?"

"नाही साहेब. तो रोग नाहीच मुळी."

"मग रजा कशाला?"

"म्हणजे, आहे थोडासा."

"म्हणजे पसरतो."

दुपारपर्यंत माझं टेबल व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी गेलं. पसरत नाही असा दाखला आणेपर्यंत तिथंच बसायचं. दाखल्यासाठी डॉक्टर गाठायला हवा, डॉक्टरसाठी रजा हवी आणि रजेसाठी दाखला. शेवटी मी शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, सांगली गाठली.

डॉक्टरीणबाई फार चांगल्या होत्या. त्यांनी भिंग लावून बघितलं. "स्ट्रेच मार्क आहेत. लालसर असताना आला असता तर जास्त फरक पडला असता. आता पांढरे झालेत, म्हणजे जुने. क्रीमनं फारसं काही होत नाही. बारीक सुयांचं मशीन असतं, लेझर असतं. पुष्कळदा यावं लागेल, मग थोडे फिके होतील. पूर्ण जात नाहीत."

"यात्रेपर्यंत होतील?"

"कुठल्या वर्षीच्या?" बाईंनी विचारलं. मग म्हणाल्या, "त्रास काय होतो तुम्हाला त्याचा? खाज? आग?"

"लाज," मी म्हणालो.

"ते डिपार्टमेंट माझ्याकडं नाही," बाई म्हणाल्या आणि दाखला लिहून दिला.

त्या दाखल्यात लिहिलं होतं की या रेघा संसर्गजन्य नसून गरोदरपणात किंवा वजनात मोठा बदल झाल्यास दिसून येतात. साहेबांनी 'गरोदरपणात' पर्यंत वाचलं. शिपायानं आणलेली मेडिकलची बातमी त्यांच्या कानावर होतीच. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अहो मग सरळ सांगायचं नाही का!" त्यांनी मला पेढा भरवला, माझं टेबल आत घेतलं, आणि यात्रेसाठी टाकलेला माझा रजेचा अर्ज चुकून पितृत्व रजेचा समजून त्यावर स्वच्छ अक्षरात शेरा मारला: 'तूर्त नामंजूर. प्रसूतीच्या सुमारास पुन्हा अर्ज करावा.' शेवटी मी किरकोळ रजा टाकून मोकळा झालो.

मैदान उद्यावर आलं आणि रेघा होत्या तिथंच होत्या. मी क्रांतीवहिनींसमोर हात टेकले. त्यांनी कपाटातून एक डबी काढली. "नवरीचा बेस हाय भाऊजी. नवरी रडती, घामाघूम व्हती, होमाच्या धुरात बसती, तरी हालत न्हाई." मैदानाच्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या पोटावर तो बेस चढवला. रेघा खरोखर दिसेनाशा झाल्या. अडचण एकच होती, नवरीला कुणी सावळं करत नाही. वहिनींकडच्या सगळ्या डब्या गोऱ्या रंगाच्या, त्यामुळं माझं पोट माझ्या तोंडापेक्षा बरंच खानदानी दिसू लागलं.

सीटबेल्ट पोटाला लागू नये म्हणून एका हातानं तो धरून आणि दुसऱ्या हातानं गाडी चालवत मी कऱ्हाडमार्गे गावी पोहोचलो. मागच्या सीटवर सासूबाईंनी मायाच्या पाठीशी उशी लावली होती आणि प्रत्येक खड्ड्याला त्या मला "जावईबापू, हळू!" म्हणत होत्या.

मैदान भरलं होतं. चैत्राचं ऊन नुसतं भाजत होतं. आखाड्याच्या तांबड्या मातीवर पाणी शिंपडलेलं, हलगी कडाडत होती. पहिल्या रांगेत खुर्चीवर आबा फेटा बांधून ताठ बसले होते. आमचा चुलतभाऊ मागं उभा होता आणि त्यानं पँटच्या आत लंगोट लावलाय हे सगळ्या गावाला माहीत होतं.

मी शर्ट काढला. ज्ञानूनं माइक तोंडाशी नेला.

"मंडळी! वरच्या आळीचं अमृतराव! हापिसात बसनारा गडी, आन प्वाट बघा! काय त्ये प्वाट! गुळगुळीत! माशी बसली तर घसरंल!"

टाळ्या पडल्या. आबांनी मिशीवर हात फिरवला. त्या क्षणी मला क्रांतीवहिनींचे पाय धरावेसे वाटले.

समोरून भाऊसो आले. पन्नाशी ओलांडलेला, टाकीचं नाव मिरवणारा, स्वभावानं अगदी देवमाणूस. रिवाजाप्रमाणं आम्ही सलामी दिली आणि एकमेकांच्या अंगाला माती लावली. मी लावलेली माती त्यांच्या अंगाला चिकटली. त्यांनी माझ्या पोटाला लावलेली माती मात्र खाली घसरली. त्यांनी परत लावली. परत घसरली. हे नुसत्या बेसचं काम नव्हतं. आत महिनाभराचं एरंडेल, खोबरेल आणि क्रीम मुरलेलं होतं, आणि ते सगळं उन्हानं आता बाहेर यायला लागलं होतं.

"वस्ताद," भाऊसो गोंधळून म्हणाले, "माती ठरंना की ह्येच्या अंगावर!"

वस्ताद आले. खांद्यावरचा पांढरा टॉवेल काढून त्यांनी माझ्या पोटावरून एकदा फिरवला आणि वर धरला. टॉवेलवर गोऱ्या नवरीचा रंग उतरला होता. वस्तादांनी तो नाकाशी नेला. "येरंडेल!"

तुम्ही मातीतली कुस्ती बघत असाल तर तुम्हाला सांगायला नको. अंगाला तेल लावून उतरणं म्हणजे सरळ सरळ लबाडी, पकडच बसत नाही. खालची आळी उभी राहिली. एकच गलका झाला. "आजवर कुनी जितलं न्हाई, आन ह्यो गडी जितायला आलाय!" मानाच्या कुस्तीत याहून मोठा गुन्हा नव्हता. "मान काडून घ्या!" मागं चुलतभावानं शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली.

मी आबांकडं बघितलं. डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी मांडीवर ठेवला होता आणि ते त्याच्याकडं बघत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना मान खाली घातलेलं कधी बघितलं नव्हतं.

मी ज्ञानूच्या हातातून माइक घेतला.

"मंडळी, तेल मी जिंकायला नाही लावलं," मी म्हणालो. माझा आवाज चार कर्ण्यांतून चार दिशांना गेला आणि भैरोबाच्या देवळावरून परत आला. "माझ्या पोटावर रेघा आहेत. बारीक झाल्यामुळं पडल्यात. त्या कुणाला दिसू नयेत म्हणून हे लावलं. वरून मेकअप केला. नवरीचा. लाज वाटत होती म्हणून. मेडिकलमधलं ते गरोदर बाईचं क्रीमसुद्धा मीच माझ्यासाठी आणलं."

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक आवाज उठला, आणि त्याला माइकची गरज नव्हती.

"म्हंजी आमची माया पोटुशी न्हाई?"

लोक इतके हसले की हलगीवाल्याच्या हातातल्या काड्या पडल्या. मायानं पदर तोंडावर घेतला. मी हललो नाही. आता माझ्याकडं घालवायला काही उरलं नव्हतं, निदान आबांचा मान तरी राहील असं मला वाटलं.

वस्ताद मात्र हसले नाहीत. "रेघा झाकाया लावलं म्हंतोस. मग दाव रेघा."

टँकरच्या पाइपखाली मला उभं केलं आणि कपड्याचा साबण लावून दोघा गड्यांनी खसाखसा धुतलं. बेस गेला, एरंडेल गेलं. ओलं, उघडं पोट घेऊन मी वस्तादांसमोर उभा राहिलो. त्यांनी चष्मा पुसला, वाकले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"कुटं हायत?"

मला वाटलं थट्टा करतायत. मी बोट दाखवलं. "ह्या काय!"

"ह्यो क्यास हाय."

"त्याच्या शेजारी!"

"त्यो लंगुटाचा वळ हाय."

मी खाली बघितलं. भर उन्हात, घासून लाल झालेल्या ओल्या पोटावर रेघा खरंच धड दिसत नव्हत्या. रोज सकाळी न्हाणीघरातल्या ट्यूबच्या उजेडात ज्या माझ्यावर डोळे वटारून बघायच्या, त्या ऐन वेळी नाहीशा झाल्या होत्या. खालच्या आळीतली चार माणसं येऊन बघून गेली. कुणालाच काही सापडलं नाही. ज्ञानू माइकवर म्हणाला, "मंडळी, रेघा गायब! कुनाला घावल्या तर कळवा!"

"आहेत हो! नीट बघा!" मी पोट पुढं काढून विनवत होतो. "डावीकडं जास्त आहेत! माया, सांग यांना!"

माया उठली. पदर खोचून ती आखाड्याच्या कडेला आली आणि ज्ञानूचा माइक घेऊन खणखणीत आवाजात म्हणाली, "आहेत. मी साक्ष देते. बेंबीच्या डावीकडं नऊ-दहा, उजवीकडं थोड्या कमी. गेले दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही."

"घरची साक्ष चालत न्हाई, वैनी," खालच्या आळीतून कुणीतरी ओरडलं, आणि वस्तादांनाही ते पटलं. मग म्हणाले, "देवाची कुस्ती थांबवायची नसती. आधी कुस्ती हू दे. मानाचं मागनं बघू."

हलगी सुरू झाली. आम्ही परत सलामी दिली. या वेळी माती अंगाला चिकटली. भाऊसो बिचारे माझ्यापेक्षा जास्त शरमले होते. "मी मुद्दाम न्हाई बोल्लो रं अमृत," हाताला हात भिडवून खडाखडी चालू असताना ते कानाशी पुटपुटले. रिवाजाप्रमाणं एकदा पट काढल्यासारखं करायचं असतं, म्हणून ते माझ्या पायाला हात घालायला खाली वाकले आणि त्यांचं तोंड नेमकं माझ्या पोटाशी आलं. भाऊसोला लांबचं अजिबात दिसत नाही. चष्मा नसला की समोरचा माणूस कोण तेही कळत नाही. पण जवळचं मात्र सुईत दोरा ओवण्याइतकं दिसतं.

ते तसेच वाकून थांबले. मला वाटलं पाठ धरली.

"वस्ताद!" ते एकदम ओरडले. "हायत! आवं, हायत की!"

हलगी थांबली.

"ही बगा एक! ही दुसरी! आरं बाबा, लय हायत! हितनं पार कमरंस्तवर गेल्यात!" माझा पाय सोडून ते गुडघ्यावर बसले आणि बोटानं एकेक रेघ दाखवू लागले. त्यांचा आनंद बघून एखाद्याला वाटलं असतं, त्या त्यांच्याच आहेत. वस्ताद धावत आले आणि भाऊसोच्या गालाला गाल लावून वाकले. ज्ञानू माइकसकट आला. तिघंही माझ्या पोटाशी डोकी जोडून बसले होते आणि अख्खं मैदान टाचा उंचावून बघत होतं.

वस्ताद उठले. त्यांनी उजवा हात वर केला.

"हायत," ते म्हणाले. "गडी खरं बोल्ला. कुस्ती बरोबरी!"

"मंडळी, रेघा मंजूर!" ज्ञानू किंचाळला. "सोता खालच्या आळीनं शोधून दिल्या!"

शिट्ट्या, टाळ्या, हलगी, सगळं एकदम सुटलं. चुलतभावानं बटणं लावली. आणि गुडघे बसलेले आमचे आबा कुणाचाही हात न धरता खुर्चीतून उभे राहिले, फेटा डोक्यावर ठेवला आणि भरलेल्या आवाजात ओरडले, "शाबास रं माज्या वाघा!" मला हुंदका आला. तो मी मातीत शिंकल्यासारखं करून लपवला.

फेटा-नारळ झाला. पुढचे पैलवान आखाड्याकडं निघाले. पण खालची आळी एकदा शंका आली की सहज सोडणारी नाही. प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायची होती. माणसं एकामागून एक येत होती, वाकून बघत होती आणि मान हलवून पुढं जात होती.

माया माझा शर्ट घेऊन आली. "घाला आता," ती हळूच म्हणाली. "लोक बघतायत."

मी पोट थोडं पुढं काढलं आणि उजेडाकडं वळलो.

"थांब जरा," मी म्हणालो. "मागच्यांनी अजून बघितल्या नाहीत."